तवशाचं फेस्त

कुडाळ, २ ऑगस्ट

प्रिय बाब्या,

दीड वर्ष झालं तुला लिहून. तुझे दोन फोन उचलले नाहीत, तेही मुद्दाम. शिव्या भेटल्यावर घाल. आम्ही बरे, माझी शुगर जरा वर, आईचे गुडघे तसेच.

गेल्या रविवारी गोव्यात तळावलीला जाऊन आलो. आपल्या सांतानाला, सांत आनाच्या चर्चला. फेस्ताला.

थांब, आधी हसून घे.

वर्गात सगळ्यात जास्त टर मीच उडवली होती ना त्या फेस्ताची? ‘तोमाय पेपीनु, दाय-मे मिनीनु’ असं बसमध्ये ओरडत होतो. काकडी घे, म्हणजे आपलं तवसं, पोर दे. मग तू पुरवणी जोडलीस: बायको हवी तर चमचा वाहायचा, कारण पोर्तुगीजमध्ये कुल्येरला मुल्येर जुळतं, मुलींनी नवऱ्यासाठी उडीद, उरीदोला मारिदो. देवाशी यमकात सौदा! मास्तरांनी दोघांनाही खाली उतरवलं होतं.

तर त्याच माणसाने परवा दारात दोन तवशी विकत घेतली. पन्नास रुपये, घासाघीस न करता. शुभाने सुचवलं नव्हतं. लग्नाच्या बाराव्या वर्षी डॉक्टरांनी फाइल मिटली तेव्हापासून ती या विषयावर बोलतच नाही. गाडी मीच वळवली, ‘चर्च बघू’ म्हणून.

आणि चर्च बघितलंही, काय सांगू. पाऊस नुकताच थांबला होता, शेतं तुडुंब, आणि त्या हिरव्यात ते दोन मनोऱ्यांचं पांढरंशुभ्र धूड. एवढ्याशा गावाला एवढं कशाला, हा तुझा जुना प्रश्न. १६८१ ला काम सुरू केलं, १६९५ ला पुरं केलं, चौदा वर्षं. आत ते शिंपल्यांच्या आकाराचे कोनाडे अजून तसेच. तू काढलेला शिंपला पापडासारखा दिसत होता, तेही आठवलं. ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टिनवाल्यांच्या चर्चची नक्कल म्हणून तू माझं डोकं खाल्लं होतंस. बरं, नक्कल. पण त्या अस्सलाचं छत १८४२ ला कोसळलं, १९३१ ला दर्शनी भिंतही गेली, आता अर्धा मनोरा उरलाय. नक्कल उभी आहे. हीसुद्धा २००० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होती, पण उभी आहे. या वादात मी जिंकलो, लिहून ठेव. चुन्याच्या वादातही. जांभ्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, हे तुला अजून पटलेलं नसणार. तिकडे तुमच्या दुबईत जांभा आहे कुठे?

विषय बदलतोय, कळतंय मला.

वेदीपुढे रांग होती. हिंदू, ख्रिस्ती, सगळे हातात तवशी घेऊन. सांत आना म्हणजे मेरीची आई, तीही म्हातारपणी आई झालेली. गावातल्या कथेतही ती काठी टेकत डोंगर उतरणारी म्हातारीच आहे. मी उभा राहिलो आणि बाब्या, मागितलं. यमकात नाही, साध्या मालवणीत. आजवर कुठल्या देवाकडे काही मागितलं नव्हतं, तुला माहीत आहे. शुभा बाजूलाच होती. तिने ऐकलं.

आता घोर हा आहे. झालं-गेलं विसरून ती सावरली होती, निदान तसं दाखवत होती. परतताना तिने दुसरं तवसं मांडीवर धरलं होतं, लहान मूल धरावं तसं. पेडण्यापर्यंत एक शब्द नाही. मी हे काय करून बसलो? तुझ्याशिवाय कुणाला विचारू? भाऊला सांगितलं तर उद्या अख्ख्या बाजारात होईल.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं असं भाऊकडून कळलं, बरं वाटलं. चिन्मय दहावीला ना?

ते तवसं फ्रिजमध्ये आहे. पिवळं पडायला लागलंय. सकाळी आईने विचारलं, ‘पिकलां गो, धोंडस करू?’ शुभा पोळ्या लाटत राहिली. मी फ्रिजचं दार लावून टाकलं.

फोन कर. या वेळी उचलीन.

तुझा,
अव्या