पुढची सीट आईची

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघ तुझं तू" म्हणतात आणि आई बोलणं फणसावर नेते. म्हणून पत्रच लिहायला बसले. गाडीचं ठरवायचं आहे.

घराचं कर्ज जानेवारीत फिटलं. कंपनीने दिलेले शेअर्सही विकले. तेव्हाच ठरवलं होतं, या वेळी गाडी बघताना किंमत विचारायची नाही. बाबा, तुम्ही ३१ वर्षं एसटी चालवलीत, पण तुमच्या नावावर सायकलशिवाय वाहन नव्हतं. तुमच्या दारात उभी राहणारी गाडी मनात भरलेलीच हवी.

मनात पहिली आली ती लँड रोव्हर डिफेंडर. पोफळीला असताना कोयना प्रकल्पाच्या साहेबांची जीप आली की मी हातातलं टाकून रस्त्यावर पळायचे, आठवतं? चौकोनी, ताठ, चिखलाला न भिणारी गाडी तेव्हापासून डोक्यात बसली आहे. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली. त्यानंतर महिनाभराने, १ जून १९४८ ला, पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तुमची गाडी आणि माझी गाडी एकाच वर्षातल्या! हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की डिफेंडरच घ्यायची असं मी जवळजवळ नक्की केलं होतं.

मग आई गुडघा दाखवायला पुण्याला आली. मैत्रिणीची डिफेंडर खाली उभी होती. आई, तू दाराला धरलंस, पाय उचललास आणि परत खाली ठेवलास. "गाडी छान आहे गं," एवढंच म्हणालीस. चढायला सोपं जावं म्हणून ती गाडी ५० मिलिमीटर खाली बसते, हे मला माहीत होतं. पण ५० मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटं. त्या रात्री तू झोपल्यावर मी टेप घेऊन घरातल्या खुर्च्या मोजल्या. सोफ्यावरून उठताना तुला हात द्यावा लागतो. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर उशी ठेवली की उंची ५२ सेंटीमीटर होते, आणि तिच्यावरून तू एकटी उठतेस. तेव्हापासून गाडी बघायला गेले की टेप पर्समध्ये असते. सीट कमरेच्या बेताने हवी. वर चढायला नको आणि खाली वाकायलाही नको.

दुसरी पाहिली टोयोटाची व्हेलफायर. किंमत कोटीच्या वर. मागची दारं बटणावर सरकतात, मागच्या सीटवर पाय पसरून झोपता येतं. आईला तीत आराम मिळाला असता यात शंका नाही. पण त्या गाडीचा सगळा थाट मागे बसणाऱ्यासाठी आहे. मी तिथे बसून पाहिलं, समोर ड्रायव्हरची पाठ दिसली, आणि मला कुंभार्ली घाट आठवला.

आई, माहेरी पाटणला जाताना आपण बाबांच्याच ड्युटीची कराड गाडी धरायचो. तू मुद्दाम त्यांच्या मागच्या सीटवर बसायचीस. मधे पार्टिशन, आणि वर पाटी: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' तू ती पाटी देवाच्या आज्ञेसारखी पाळलीस. मला म्हणायचीस, "हेळवाक आलं की सांगू त्यांना." मग हेळवाकला गाडी थांबली, बाबांच्या हातात चहा आला, की वीजबिल, मामाचं लग्न, माझी फी, सगळं त्या पाच मिनिटांत बसवायचीस. कंडक्टरने डबल बेल दिली की उरलेलं तुझ्या पोटातच राहायचं. कितीतरी गोष्टी तशाच राहून गेल्या असतील. म्हणून व्हेलफायर नको. आईने परत बाबांच्या पाठीकडे बघत बसायचं नाही.

बाबा, आता तुमचा डावा गुडघा. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी आणि तो जड क्लच, घाटातून रोज वर-खाली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही "वय झालं" म्हणालात, पण तो गुडघा क्लचने खाल्ला आहे हे मला कळतं. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं. तुमचं अजून तीन वर्षं आहे, आणि गाडी तुम्हीच चालवणार आहात.

या सगळ्यातून माझं मन इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडवर आलं आहे. पेट्रोल इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर. क्लच नाहीच. माझ्या टेपला तिची सीट पसंत पडली. आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तुम्ही शिकवलं होतंत, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेकवर गाडी सोडू नकोस. या गाडीत उताराला मोटर उलटं काम करते, चाकांच्या जोरावर वीज तयार करून बॅटरीत भरते, आणि त्यानेच गाडीचा वेग आवरला जातो. बॅटरी भरली की तिला आणखी वीज घेता येत नाही, मग आवरायचं काम इंजिन आणि ब्रेकवर येतं. कुंभार्लीच्या उताराला हे कसं जमतं ते तुमच्या पायाला कळेल, तसं मला कळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरी शोधेन, आणि मला अजिबात वाईट वाटणार नाही.

ऑफिसातल्या एकीची हीच गाडी दोन दिवसांसाठी मागून ठेवली आहे. शनिवारी दुपारपर्यंत पोचते. रविवारी सकाळी पाटणला जाऊ. बाबा, नवा चष्मा घाला, जुना नको. मी मागे बसेन. आई, तू पुढे बस, आणि हेळवाकची वाट बघू नकोस. जे सुचेल ते सुचेल तिथे बोल.

तुमची,
लेक