आण्णांच्या हातांची परीक्षा घ्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका पाथरवटाची मुलगी. आण्णांची पन्नास वर्षं काळ्या दगडात गेली. आधी जाती, उखळं, पाटे-वरवंटे. मग घरोघरी मिक्सर आले, जात्याला टाकी लावायला, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छन्नीनं पुन्हा खडबडीत करायला, कुणी बोलवेना, तेव्हापासून नंदी, मारुती, पारावरचे नागोबा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात एका जुन्या मंदिराची दुरुस्ती निघाली. आण्णा आपणहून गेले. पिशवीत स्वतः घडवलेला वीतभर नंदी होता, दाखवायला. तिथल्या माणसानं अनुभवाचा दाखला मागितला. "दाखला कोन देनार, मारुती?" एवढं बोलून ते परत आले. नंदी पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मी विसरू शकत नाही.

पुढे मी ते काम बघायला गेले. जुन्या दगडांच्या सांध्यात सिमेंट भरलेलं होतं. साहेब, ही मंदिरं चुन्याशिवाय, नुसत्या खाचा, त्यात बसणारी दगडी कुसू आणि दगडाच्या वजनावर उभी आहेत. सिमेंट ओल धरून ठेवतं, आणि आत लोखंडाची सळई घातली तर ती गंजते, फुगते आणि दगडालाच तडा देते. हे आण्णांना कुणी शिकवलं नाही, पण जुन्या बांधकामात घातलेलं लोखंड काय करतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि दगड निवडणं? आपल्याकडचा दगड लाव्ह्याच्या थरांचा. थराच्या वरच्या अंगाला भोकं असतात, खालचा घट्ट. आण्णा दगडावर हातोडी हलकेच मारतात आणि कान देतात. चांगला दगड खणखणतो, आत फट असली की बद्द वाजतो. तरी शंका राहिली तर पाणी ओततात आणि सावलीत बसून वाट बघतात. सगळा दगड वाळतो, पण फटीची रेघ ओली राहते. मी लहानपणी त्या रेघेवर बोट फिरवायची. छन्नीला पाणी पाजणं तर त्याहून अवघड. भट्टीतून काढलेल्या टोकाचा रंग बघून ती किती बुडवायची ते ठरतं. पाणी जास्त झालं की टोक तुटतं, कमी पडलं की वळतं. आमच्या घरात हे सगळं शिकवायला पाटी-पुस्तक कधीच नव्हतं. "बगत ऱ्हा" एवढंच शिक्षण.

वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावे सांगितलं जातं. वरून खाली उतरत एका अखंड खडकातून ते कोरून काढलं. १९८३ साली वेरूळ जागतिक वारशात गेलं. पण कोरणाऱ्यांची नावं कुठे आहेत? इ.स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात एवढं येतं, की हे मंदिर घडवणाऱ्या शिल्पीलाच आश्चर्य वाटलं, आपल्या हातून हे झालं तरी कसं! राजाचं नाव आहे, शिल्पीचं नाही. औंढा नागनाथ, धारासूर, चारठाणा, होट्टल, निलंगा, मराठवाड्यातल्या या सगळ्या जुन्या मंदिरांत मी कारागिराचं नाव शोधत फिरते.

केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत १७ सप्टेंबर २०२३ पासून मूर्तिकार आणि पाथरवट धरले आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाला रोज ५०० रुपये, ५ टक्के व्याजाने कर्ज. चांगलं आहे, मी विरोधात नाही. पण कर्ज फेडायला काम लागतं, आणि आमच्यासाठी शोभेसं काम या संरक्षित मंदिरांतच आहे. ती मंदिरं सांभाळणारं पुरातत्त्व संचालनालय आपल्या खात्यात येतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणं असं. संरक्षित मंदिराच्या दुरुस्तीचं काम देताना दगडी हातकामासाठी कागदाऐवजी जागेवर परीक्षा घ्या. एक दिवस, एक दगड, एक नमुना : मोडलेल्या कणीच्या, म्हणजे मंदिराच्या दगडी थराच्या धारदार कडेच्या, मापाची नवी कणी घडवून दाखवायची. ज्याला जमेल त्याला काम. निविदेत ही अट घाला, म्हणजे कंत्राटदार कुणीही असो, छन्नी जाणत्याच्या हातात राहील. आणि काम संपलं की फलकावर अभियंत्याच्या नावाखाली कारागिराचंही नाव लिहा. त्याला पैसा लागत नाही.

माझा भाऊ पुण्यात किचन ओट्याचे ग्रॅनाइट कापतो. मशीनच्या धुळीत दिवसभर असतो, तोंडाला रुमाल. रात्री फोनवर खोकतो तेव्हा आण्णा फोन माझ्याकडे देतात. वेरूळच्या दगडाचं काम जमेल अशा हातांनी तो ओटे कापतो आहे. परत यायला तो तयार आहे, आला तर शिकेल, कारण आण्णांची नजर अजून शाबूत आहे. अंगणातल्या नंदीचं डावं शिंग बाकी आहे, थंडीत बोटं धरतात म्हणून हळूहळू चाललंय.

परीक्षेचा दिवस ठरला की कळवा. दगड आम्ही आणू.

आपली,
एका पाथरवटाची मुलगी
जि. परभणी