लाल सोडली, हिरवी घेतली

प्रिय भावा,

फोनवर तू म्हणालास ना की फोटो नंतर पाठव, आधी सगळं नीट लिहून कळव, तर आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, आणि तुझी वहिनी मुलांना घेऊन मैत्रिणीकडे गेलीये, त्यामुळे बसलोय लिहायला. गाडी घेतली, माझदा एमएक्स-५. मागच्या शनिवारी घरी आणली. १९९२ ची, गडद हिरवी, दोन सीटची, कापडाचं छत, आणि बटण दाबलं की बोनेटमधून दिवे वर येतात ती. कॉलेजात असताना मासिकात ज्या गाडीचा फोटो बघून तू म्हणाला होतास "हिच्यात बसून एकदा आंबा घाट उतरायचा", तीच.

तुला पहिला प्रश्न पडला असणार की तीस वर्षं जुनी गाडी कशाला, तेवढ्याच पैशात त्यातल्या त्यात नवी मिळाली असती. मिळत होती, आणि मी आधी तीच बघायला गेलो होतो. ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय हिरवीचं काही कळणार नाही.

माझदा एमएक्स-५ चं मी गेलं वर्षभर वाचत होतो. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, त्या काळी ब्रिटिशांच्या साध्या हलक्या उघड्या गाड्या जवळपास बंदच पडल्या होत्या आणि जपान्यांनी तसलीच गाडी केली, फक्त रोज सकाळी चालू होणारी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन पहिल्या मॉडेलचं हजार किलोच्या आत. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. इथे इंग्लंडात लोक पिढ्यांना मार्क वन, मार्क टू असं म्हणतात, वर येणारे दिवे फक्त मार्क वनला, १९९७ नंतर ते गेले.

तर मला एक मार्क टू सापडली, २००३ ची, लाल, डीलरकडे, समुद्राकाठच्या एका गावात. दोन हजार नऊशे पौंड. फोटोत अशी दिसत होती की आत्ता शोरूममधून काढलीये. कॉव्हेंट्रीहून अडीच तास ट्रेनने गेलो. निघताना बॅगेत तीन वस्तू टाकल्या: टॉर्च, फ्रीजवरचं एक चुंबक कपड्यात गुंडाळून, आणि अप्पांचा तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. हो, तोच, उद्यमनगरच्या गॅरेजमधला. मी इकडे यायला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात ठेवला होता तो अजून माझ्याकडेच आहे, तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुला आठवतं का, अप्पा कुठलीही जुनी गाडी बघायला गेले की आधी बोनेट उघडायचेच नाहीत. गिऱ्हाईक इंजिनाचं कौतुक सांगत असायचं आणि अप्पा खाली पोतं टाकून आडवे. इंजिन बदलता येतं रे, पत्रा सडला की गाडी संपली, असं म्हणायचे, आणि मग स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत आपटत पुढून मागे सरकायचे, कान लावून. आपण दोघं बाजूला उकिडवे बसून ऐकायचो. टण आला की पुढे. थप आला की तिथेच थांबायचं.

लाल गाडीला मी तेच केलं. डीलरचा माणूस चांगला होता बोलायला, कॉफी दिली, म्हणाला नुकतीच पासिंग झालीये म्हणजे एमओटी, इथली गाड्यांची वार्षिक तपासणी, खालून नवं काळं कोटिंग मारून घेतलंय, गंजाचं टेन्शन नाही. ते काळं कोटिंग ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. इथे हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, महिनोन्महिने, ते सगळं चाकाने उडून खालच्या पत्र्यावर बसतं. त्यात ह्या गाडीचं एक दुखणं वेगळंच आहे. छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन बाजूंना दोन नळ्या आहेत त्यातून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. त्या नळ्यांत पानं, माती अडकली की पाणी बाहेर पडायचं सोडून दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं, त्याला इथे सिल म्हणतात, आणि तो आतून कुजत जातो. बाहेरून रंग तस्साच. आणि ह्या गाडीला वेगळी चासी नाही, छत पण नाही, म्हणजे सगळी ताकद त्या दोन सिलमध्ये आणि मधल्या बोगद्यात. सिल गेला म्हणजे कणाच गेला.

चुंबक लावलं. दाराखाली पुढे पटकन चिकटलं, मधे चिकटलं, मागच्या चाकाच्या चार बोटं अलीकडे हातातून सुटून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. तिथे पत्रा नव्हताच, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून लाल रंग मारला होता, आणि काम इतकं सफाईदार होतं की हात फिरवून काही कळलं नसतं. मग जमिनीवर झोपलो. मूठ आपटली. थप. कोटिंगच्या एका फुगवट्याला टोकाने अगदी हलकं टेकवलं, दाबलं पण नाही, आणि स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला. आतून ओला तपकिरी चुरा माझ्या मनगटावर पडला, भिजलेल्या चहाच्या पत्तीसारखा. मग पुढे सरकून इंजिनाखालच्या दोन लांब पट्ट्या बघितल्या, मार्क टू मध्ये त्या दुहेरी पत्र्याच्या आहेत आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी धरून आतल्या आत सडतात, तिथेही तेच काळं कोटिंग आणि त्याच्या खाली पापुद्रे.

मी उठलो आणि त्याला शांतपणे दाखवलं. तो म्हणाला एमओटी पास आहे ना मग झालं. भावा, मला राग आला त्याचा, खरंच आला. गाडी जुनी असणं, गंजलेली असणं ह्यात काही वाईट नाही, तसं सांगून विकावी, कोणीतरी वेल्डिंग करून घेईल. पण लांबी भरून रंग मारून एखाद्या पोराच्या गळ्यात बांधायची, जो त्याची पहिली गाडी म्हणून घेणार आणि हायवेवर ऐंशी-नव्वदने जाणार, हे मला सहन होत नाही. मी तसं त्याला बोललो आणि निघालो. परतीच्या ट्रेनमध्ये फार वाईट वाटत होतं, वर्षभर जिच्यासाठी पैसे साठवले ती गाडी हातातून गेली म्हणून, आणि अप्पा असते तर लगेच फोन केला असता म्हणून.

त्या दिवशी ठरवलं की आता इथे मिठात वाढलेली बघायचीच नाही, जपानहून आणलेली बघायची. तिकडे हीच गाडी युनोस रोडस्टर नावाने विकायचे, स्टीअरिंग आपल्यासारखं उजवीकडेच, आणि खूप गाड्या नंतर इथे आणल्या गेल्या. बऱ्याच जणींना मिठाचा त्रास कमी झालेला असतो.

दोन महिन्यांनी श्रॉपशरमध्ये ही मिळाली. मालक एक निवृत्त शिक्षक, सत्तरीचे. व्ही-स्पेशल मॉडेल, म्हणजे हिरवा रंग, आत फिक्कट तपकिरी लेदर आणि लाकडी स्टीअरिंग. सहा हजार मागत होते.

जायच्या आधी घरी बसून दोन कामं केली. इथे नंबर टाकला की त्या गाडीची २००५ पासूनची सगळी एमओटी सरकारी साइटवर फुकट बघता येते, कधी नापास झाली, का झाली, किती रनिंग होतं, सगळं. आपल्याकडे असं असतं तर किती लोक वाचले असते रे. त्यात एका वर्षी मीटर एकाहत्तर हजार आणि पुढच्या वर्षी चव्वेचाळीस हजार, बघून छातीत धस्स झालं, मीटर मागे फिरवलं की काय. मग नीट बघितलं तर आधीचा आकडा किलोमीटरमध्ये होता, जपानी मीटर ना, नंतर मैलांत बदलून घेतलेलं. हिशेब केला, जुळला. दुसरं म्हणजे थोडे पैसे भरून गाडीवर कोणाचं कर्ज आहे का, अपघातात इन्शुरन्सवाल्यांनी बाद केलेली आहे का ते तपासलं. कर्ज बाकी असेल तर गाडी सहसा फायनान्सवाल्यांची राहते. आणि इथलं आरसी बुक, व्ही-फाइव्ह-सी म्हणतात, त्याच्यावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. म्हणून त्यावरचा पत्ता आणि मी ज्या दारात उभा आहे तो पत्ता एकच आहे ना, ते बघितलं.

त्यांना आधीच फोनवर विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवला, थंडगार. मग खाली. टण, टण, टण, पुढून मागपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवर एक नखाएवढा फोड आहे, तो त्यांनीच आधी दाखवला. भावा, तो आवाज ऐकताना मी क्षणभर उद्यमनगरात होतो.

मग इंजिन. १.६ लिटरचं आहे. अगदी सुरुवातीच्या, १९९१ पर्यंतच्या इंजिनांना क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक लहान असायचं, तिथली पुली जागेवर धरणारी किल्ली ढिली होऊन क्रँक बाद व्हायचा. ओळखायची खूण तुला आवडेल: टॉर्च मारून क्रँकच्या पुलीतल्या खाचा मोजायच्या, चार असल्या तर लहान नाक, आठ असल्या तर नंतरचं मोठं. आठ भरल्या. चालू केल्यावर वरून थोडी टिकटिक आली, ती ह्यांच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरची, तेल चढलं की दोन मिनिटांत गेली. धूर नाही. दोष सापडले ते असे: रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असायला हवी ती तपकिरी पडलीये, म्हणजे कधीही तडकेल. क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर मागे ओढलं तर आत ओलं. आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेलाचे थेंब, मला वाटलं क्रँकचं मागचं सील गेलं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, पण बोट फिरवत वर गेलो तर तेल हेडच्या मागून येतंय, तिथे कॅम सेन्सरची ओ-रिंग असते, रबराची, अंगठीएवढी, काही पेन्सची गोष्ट. टायरवरचे चार आकडे बघितले, कितव्या आठवड्यात कुठल्या वर्षी बनला ते, दोन टायर दहा वर्षांपूर्वीचे. नक्षी भरपूर, रबर दगड.

हे सगळं त्यांना सांगितलं तर वाद घातला नाही, डोकं हलवत ऐकलं आणि म्हणाले रेडिएटरचं मला माहीत नव्हतं. पाच हजार पाचशेला ठरलं. त्यांच्याकडे एक जाड फाइल आहे, जपानमधल्या लिलावाच्या कागदापासून प्रत्येक ऑइलच्या बिलापर्यंत. चक्कर मारायला ते शेजारी बसले, थंड असताना दुसरा गिअर जरा अडतो, तो ह्या गाडीचा स्वभाव, गरम झाल्यावर लोण्यासारखा. छोटे वळणाचे रस्ते होते, दोन्ही बाजूंनी कुंपणाची झाडी, आणि स्टीअरिंगमधून रस्ता असा हाताला लागत होता की मी बोलायचंच बंद केलं.

निघताना त्यांनी मला छत उघडायला शिकवलं. आधी मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन पूर्ण उघडायची, काच हळू आडवी करायची, मगच छत मागे घ्यायचं, नाहीतर घडी पडून प्लॅस्टिक तडकतं, आणि कडाक्याच्या थंडीत तर करायचंच नाही. तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं. चौथ्या वेळी मी एकट्याने केलं तेव्हा चावी दिली.

इथे रोड टॅक्स जुन्या मालकाचा चालत नाही, त्यांच्या अंगणातूनच मोबाइलवर भरला, इन्शुरन्स आधीच काढला होता. बर्मिंगहॅममधे शहराच्या मधल्या भागात जुन्या गाडीला दिवसाला आठ पौंड लागतात, तर वळसा घालून आलो. पाऊस नव्हता. छत उघडंच ठेवलं घरापर्यंत.

आता कामाचं. टायर आणि रेडिएटर मागवलेत, ओ-रिंग मी स्वतः करणार. टायमिंग बेल्ट फाइलप्रमाणे २०१५ ला बदललाय, रनिंग फार झालं नाही, पण रबर ते रबर, म्हणून बदलतोय. माझं म्हणणं त्याच कामात वॉटर पंप पण टाकावा, कारण परत सगळं तेवढंच उघडावं लागतं. क्लचचा फक्त खालचा सिलिंडर बदलू की वरचा पण जोडीने? इथला मेस्त्री म्हणतो जोडीने कर, नवा एक टाकला की जुना दुसरा गळतो. तुझं काय मत ते कळव, मी तुझं ऐकणार.

काल त्या छताच्या नळ्या साफ केल्या. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार हळूहळू आत सोडली आणि वरून जगने पाणी ओतलं. उजवीकडची लगेच मोकळी झाली. डावीकडून आधी काही नाही, मग काळा गाळ, कुजकी पानं, आणि मग एकदम मागच्या चाकापुढे स्वच्छ पाण्याची धार. धाकटी शेजारी बसली होती, तिने विचारलं बाबा अजून एक जग ओतू का. तीन जग ओतले.

पुढच्या उन्हाळ्यात तू येच. आंबा घाट नाही, पण वेल्समधले घाट दोन तासांवर आहेत. काकूंना नमस्कार सांग, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे हे त्यांना सांग.

तुझाच,
कॉव्हेंट्रीवाला