रात्री खुराड्यापाशी कान देऊन ऐक

संगमेश्वर,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री फोन ठेवला, पण तुझी आजारी तांबडी कोंबडी काही डोळ्यांसमोरून हलेना. घाईत तुला अर्धंच सांगितलं. आमचा धाकटा उद्या पहाटेच्या एस्टीने तिकडे येतोय, त्याच्या हाती देता यावं म्हणून आत्ता बसून सगळं लिहून काढते.

तांबडीला अजून वेगळी केली नसशील तर आधी ते कर. डालग्याखाली झाकून भागणार नाही, कारण डालगं असतं बाकीच्यांच्या मधेच. पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेव, वारा तिच्याकडून खुराड्याकडे वाहणार नाही अशा जागी. तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेव. आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी उरक, मग तिच्याकडे जा, आणि येताना हातपाय साबणाने धू. तेच हात डोळ्यांना लावू नकोस. राणीखेत रोग झालेल्या कोंबड्या हाताळून माणसाचेही डोळे येतात.

तिला उचलताना छाती आवळू नकोस, हे मुद्दाम लिहिते. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो, कोंबडीला तो नसतो. तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात, ती फुगत नाहीत. हवा खेळते अंगभर पसरलेल्या 9 पिशव्यांमधून, आणि छातीचं हाड खालीवर झालं की त्या भात्यासारख्या चालतात. ते हाड दाबून धरलंस तर तिचा श्वासच थांबेल. आधीच धापणारी कोंबडी अशी हातातल्या हातात जाते. दोन्ही पंख अंगाशी धर आणि छाती मोकळी सोड.

आता दुखणं कुठलं, ते ओळखायचं कसं? दिवसा कलकलाटात काही कळत नाही. रात्री नऊनंतर सगळ्या आढ्यावर गप्प बसल्या की दिवा न लावता खुराड्यापाशी जा आणि कान देऊन ऐक. घशात पाणी अडकल्यासारखी ओली घरघर कुणाची, शिंक कुणाची, एकीचीच की चारजणींची? बॅटरी लावायची ती त्यानंतर. मी पावसाळ्यात रोज हे करते. सकाळी दिसायच्या आधी आजार रात्री ऐकू येतो.

मग एकेकीचं तोंड बघ. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, घरघर, थोडंफार खाणं चालू, आणि असं दिवसचे दिवस चाललेलं असलं, तर बहुतेक सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार. ते मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचं दुखणं. तू सांगितलंस त्यावरून तांबडीचा मला हाच संशय येतो. पण एका-दोन दिवसांत चेहरा सुजून डोळा मिटला, नाक चिकटलं आणि नाकाजवळ कुजका वास आला, तर तो कोरायझा, कोंबड्यांची साथीची सर्दी. चोच उघडून आत बघ. घशात पिवळट खपल्या चिकटलेल्या असतील तर कोंबड्यांच्या देवी रोगाचा विचार कर, तुऱ्यावरही फोड शोध. दुपारच्या उन्हात चोच उघडून नुसतं धापणं आणि आवाज अजिबात नसणं म्हणजे उकाडा, आजार नव्हे.

सगळ्यात आधी मात्र विष्ठा बघ. चार वर्षांपूर्वी मी ती बघितली नाही. आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी इतरांत सोडला. आठवड्याने दोघी घरघरायला लागल्या. मी म्हटलं, पावसाळी सर्दी, आणि घरात उरलेलं औषध पाण्यात घातलं. हिरवट-पांढरी विष्ठा खुराड्यात पडलेली होती, तिच्यावरून रोज झाडू फिरवत होते. तिसऱ्या दिवशी एका तलंगेची, तरण्या कोंबडीची, मान पाठीकडे पिळवटली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगो, ही मानमोडी.’ 26 पैकी 19 गेल्या. आठ दिवस आम्ही खड्डे खणत होतो. ती तलंग माझ्या मांडीवर गेली, शालू. अजून आठवलं की पोटात कालवतं.

ती मानमोडी म्हणजे राणीखेत. आपल्या देशात हा रोग 1927 च्या सुमाराला उत्तराखंडातल्या राणीखेत गावी ओळखला गेला, म्हणून ते नाव. हा विषाणूचा रोग, त्यावर औषधच नाही. आहे ती लस. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, महिनाभराने पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी लसीचं इंजेक्शन पंखाखाली. एका कुपीत निदान शंभर पक्ष्यांची लस असते, म्हणून एकटीने आणू नकोस, वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि कालवली की दोन तासांत संपवायची. आजारी कोंबडीला टोचायची नाही. आपल्याकडे पुण्यात औंधला सरकार ही लस बनवतं, दवाखान्यात विचार.

औषधाचं म्हणशील, तर तिला दिलेल्या औषधाच्या पुडीवरचं नाव वाचून डॉक्टरांना सांग आणि तोवर त्यावर दुसरं काही चढवू नकोस. सीआरडीला टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील. सांगितलेले दिवस पुरे कर, दुसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून सोडू नकोस. औषधाचं पाणी रोज ताजं कर, सावलीत ठेव, आणि अंगणातली बाकीची डबकी बुजव. डॉक्सिसायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा बाजूला ठेव. त्यातल्या चुन्याने औषध बांधलं जातं, अंगी लागत नाही. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरांना विचार आणि तेवढे दिवस नातवंडांना देऊ नकोस. लसूण-हळद दाण्यात घातलीस तर घाल, पण घशात तेल ओतू नकोस. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, तेल सरळ तिकडे उतरतं.

आणि खुराडं! पाऊस आत येतो म्हणून तू चारी बाजूंनी प्लास्टिक लावलंयस, मागल्या खेपेला मी पाहिलं. सकाळी दार उघडायच्या आधी कोंबडीच्या उंचीला वाकून आतला वास घे. डोळे चुरचुरले तर रात्रभर त्यांच्या छातीत तेच गेलंय. विष्ठेतून निघणारा अमोनिया नाकाघशाचं आतलं अस्तर जाळतो आणि मग कुठलाही जंतू सहज शिरतो. वरच्या बाजूला हातभर फट मोकळी ठेव, ओलं तूस काढून टाक, बुरशीचं भातेण तर मुळीच घालू नकोस.

एकाएकी चारपाच मेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर हात लावू नकोस, कापून बघू नकोस. थेट दवाखान्यात नाहीतर 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकाला फोन कर. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लोकांनी काय सोसलं ते आपण दोघींनी वाचलंय. आणि कुणी कितीही म्हणो, आजारी कोंबडी बाजारात विकू नकोस. माझ्या घरात रोग आला तो तसाच कुणाच्या तरी टोपलीतून.

तांबडी बरी होईल, मला वाटतं. पण सीआरडी असलाच तर बरी झाली तरी जंतू तिच्यात राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नकोस. तिच्या पिल्लांची तुला किती हौस होती ते ठाऊक असूनही सांगते.

मे महिन्यात बाजारातून आणलेल्या त्या दोघी कधी वेगळ्या ठेवल्या होत्यास का, निदान महिनाभर? आज रात्री त्यांचाही आवाज ऐक. विष्ठेचा रंग, नाकाचा वास आणि त्या दोघींचं काय, एवढं ऐकून-बघून झालं की लगेच फोन कर. कितीही वाजू देत, मी जागीच आहे.

तुझी,
कुंदा