मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र : चाळिशीत कळलं की मला दमा आहे

नमस्कार साहेब,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, नोकरी महापेला. वय ४१. मागच्या महिन्यात मला दमा असल्याचं कळलं, पण खोकला तीन वर्षांपासूनचा आहे, आणि ही मधली तीन वर्षं कुठे गेली तेच तुम्हाला सांगायचंय.

रात्री तीन-साडेतीनला खोकल्याची उबळ यायची, उठून बसावं लागायचं, छातीत शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. सकाळी परत बरी. डॉक्टरकडे जायचे तेव्हा छाती साफ असायची, मग सिरप, अँटिबायोटिक, "धूळ आहे ना आपल्याकडे, ॲलर्जी असेल" असं. एक्सरे नॉर्मल. टीबीसाठी बेडका तपासला तोही नॉर्मल, सगळे म्हणाले चला सुटलो. मलाही तसंच वाटलं. पण ठाणे स्टेशनचा पूल चढून दहा नंबरला पोचेपर्यंत इतकी धाप लागायची की समोर उभी असलेली पनवेल गाडी सोडून द्यायचे.

शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसातून किती हवा किती वेगाने बाहेर येते ते मोजायची तपासणी, करायला सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तपासणी करणारी मुलगी शेजारून ओरडतेय फुंका फुंका फुंका, अजून, अजून, थांबू नका. पहिल्या सेकंदात १.६२ लिटर हवा बाहेर आली. मग पंपाचे, म्हणजे इनहेलरचे, चार पफ दिले, पंधरा मिनिटं बसवलं, परत फुंकायला लावलं, तर २.०४. औषधाने १२ टक्के आणि २०० मिली वाढली तरी दम्याकडे बोट दाखवता येतं, माझी तर ४२० मिली वाढली होती. सगळं मिळून पाऊण तास. पाऊण तासाच्या कामासाठी तीन वर्षं, साहेब! माझे बाराशे रुपये गेले, मला परवडले.

म्हणून मागणी अशी की प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात ही तपासणी मिळायला हवी. मशीनला वेळ लागणार असेल तर निदान फुंकेचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर तरी ठेवा, प्लास्टिकची नळी असते, वीज लागत नाही, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहिले की चढउतार दिसतो. टीबीचा बेडका सरकार फुकट तपासतं, औषधही फुकट देतं, तिथे करून दाखवलंय ना आपण. मग बेडका नॉर्मल आलेल्या पण खोकत राहिलेल्या माणसाला पुढचं दार का नाही?

आणि औषध म्हणजे नुसता तात्पुरता आराम देणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप नको. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाच सांगतात की मोठ्या माणसाला फक्त त्यावर ठेवू नका, श्वासनळीची सूज कमी करणारं स्टेरॉइड पंपातूनच द्या. अशाच स्टेरॉइडचा, ब्युडेसोनाइडचा, पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो केंद्रावर कायम असला पाहिजे, संपला म्हणून बाहेरून आणा असं नको.

लोकांना पंपाची भीती किती आहे बघा, माझ्या सासूबाई म्हणाल्या पंप म्हणजे शेवटची स्टेज, गोळी घे त्यापेक्षा. अहो गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, गोळीपेक्षा खूपच कमी, तोही थेट छातीत जातो. हे त्यांना मी समजावलं, पण खरं तर आशाताईंनी घरोघरी सांगायला हवं. ओळखीतली एक मुलगी लग्न ठरेपर्यंत पंप पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवायची, बाहेर अटॅक आला तरी काढायची नाही. जीव जाईल अशाने कोणाचातरी.

धुळीबद्दल, तयार काँक्रीट बनवणाऱ्या आरएमसी प्लांटबद्दल लोक लिहितातच, तेही लिहिलंच पाहिजे. पण हवा सुधारेपर्यंत जो खोकतोय त्याला आज काय झालंय ते तरी कळू दे.

आमच्या सोसायटीत झाडणाऱ्या मावशी सकाळी जिन्यात बसून खोकतात, अगदी मी खोकायचे तशाच. बाराशे रुपये त्यांच्याकडे नाहीत. त्यांना उद्या सकाळी मी कुठल्या केंद्रावर पाठवू, एवढं कळवा.

आपली,
घोडबंदर रोडची एक रहिवासी