खुर्दा किती गेला

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय ताईसाहेब,

फोन केला की तुझं 'हां बाबा, हां बाबा' चालू असतं अन् मागनं कीबोर्डची खटखट येत असते, म्हणून म्हणलं लिहूनच पाठवावं. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. गड्ड्याच्या जत्रेला आली नाहीस तर आईला वाईट वाटलं, मला पण वाटलं पण परीक्षा म्हणल्यावर काय बोलणार, मिरवणुकीत नंदीध्वज सात आहेत तेवढेच होते आणि होम मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, एवढीच बातमी.

मुद्दा दिवाळीतला आहे. रात्री एकला पाणी प्यायला उठलो तर तू हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसलेली, मी विचारलं काय करलालीस एवढ्या रात्री, तर तू म्हणालीस "हिस्टरीचा अभ्यास करतेय बाबा." तो एज ऑफ एम्पायर्स गेम. मग मी पण झोप सोडून तासभर शेजारी बसलो, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडला. पण ते 'हिस्टरी आहे' डोक्यात राहिलं माझ्या. मी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात दिवाणजीगिरी केलेला माणूस, कुठलीही वही समोर आली की पहिल्यांदा बघतो यात काय धरलंय आणि काय धरलेलंच नाहीये. तुझा गेम पण मला वहीसारखाच दिसला.

त्यात चार खाती आहेत, अन्न, लाकूड, सोनं, दगड. गावकरी एक पाहिजे तर 50 अन्न. आणि वर ते बटण, किती गावकरी रिकामे बसलेत त्याचा आकडा दाखवणारं, तू दर मिनिटाला ते दाबून एकेकाला कामाला लावत होतीस. ते बघून मला तुझे आजोबा आठवले. मिल बंद पडल्यावर आजोबा आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण रोज सकाळी आवरून चौकात येऊन बसायचे, सवयीनं, पाळीची वेळ झाली की घरात थांबवायचंच नाही त्यांना. त्यांना एका बटणानं कामाला लावणारं कुणी नव्हतं बाई.

आणि ते लूम! मी तर हसलोच, लूम म्हणजे माग, सोलापूरच्या पोरीला सांगायला नको. पण तुझ्या गेममध्ये 50 सोनं देऊन लूम घेतलं की कापड निघतच नाही, कापडाचं खातंच नाहीये, नुसतं गावकऱ्याची ताकद 25 ची 40 होते. म्हणजे माग आहे, विणणारा नाही आणि चादर पण नाही. बनवणाऱ्यांना दोष देत नाही मी, सगळं कसं घालणार एका गेममध्ये, पण काय घातलं अन् काय सोडलं यावरनं बनवणारा कळतो एवढंच म्हणायचंय.

जुनी कागदपत्रं मी तशीच वाचतो. आता रिटायर झाल्यावर वाचनालयातनं कौटिल्याचं अर्थशास्त्र आणलं, मराठी भाषांतरवालं. हा ग्रंथ शेकडो वर्षं नावापुरताच माहीत होता, मग 1905 साली म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली आणि 1909 ला छापला गेला. सगळे त्यातलं राजकारण वाचतात, हेरगिरी, साम दाम दंड भेद. मी अनुक्रमणिकेत पहिल्यांदा सूत शोधलं, आणि आहे की! सूत्राध्यक्ष म्हणून अधिकारीच आहे, सूतकताई आणि विणकामाचा. सूत कुणाकडनं कातून घ्यायचं त्याची यादी दिलीय, विधवा, अपंग बायका, लग्न न झालेल्या मुली, संन्यासिनी, दंड फेडायचा राहिलेल्या, राजवाड्यातल्या म्हाताऱ्या दासी, देवळातली सेवा सुटलेल्या देवदासी. सूत जाड की बारीक की मध्यम ते बघून मजुरी. जास्त काम केलं तर तेल आणि आवळ्याचं उटणं बक्षीस, आणि सणाच्या दिवशी काम करून घ्यायचं तर वर काहीतरी द्यायचं. मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली "म्हणजे दिवाळीचा बोनस."

ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडं सूत्राध्यक्षानं आपल्या दासीमार्फत काम पोचवायचं. आणि ज्या स्वतः सूतशाळेत येतात त्यांचं सूत पहाटे घ्यायचं आणि मजुरी द्यायची, दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. बाईच्या तोंडाकडं बघितलं किंवा कामाशिवाय दुसरं काही बोललं तर त्या अधिकाऱ्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. मी वाचून थक्क झालो, म्हणलं आमच्या काळात हे पाहिजे होतं, शनिवारचा हप्ता मंगळवारी देणारे मालक मी बघितलेत. पण पुढच्याच वाक्यात असं आहे की मजुरी घेऊन काम केलं नाही तर त्या बाईची चिमटीची बोटं तोडायची. चिमटीची! ज्या बोटांनी सूत ओढायचं तीच. मी पुस्तक मिटून ठेवलं तेव्हा, चहा प्यायलो, मग परत उघडलं.

आता यातनं काय कळतं ते बघ. एक तर, तोंडाकडं बघू नये असा नियम लिहायला लागला म्हणजे लोक बघत होते. उगीच कुणी नियम करत नाही. आपल्या सोसायटीत 'जिन्यात थुंकू नये' लिहिलंय ते कशामुळं लिहिलंय तुला माहितीये. त्यामुळं जुना ग्रंथ वाचताना 'त्या काळी असं होतं' म्हणून टाळ्या वाजवू नकोस, तो 'असं असावं' सांगतोय, त्याच्या उलट काय चाललं होतं ते त्याच्याआड दिसतं. आणि दुसरं, त्या यादीतल्या बायकांना निदान वहीत जागा आहे. दया म्हणून नाही, त्यांची बोटं राज्याला पाहिजे होती म्हणून. पण जागा आहे.

(जाता जाता, त्याच ग्रंथात द्यूताध्यक्ष पण आहे, जुगार एकाच ठिकाणी चालवायचा आणि जिंकलेल्या पैशातनं शंभराला पाच सरकारजमा. तुमच्या ऑनलाईन गेमिंगवरचा टॅक्स काही नवीन नाही.)

तुझ्या गेममधली अजून एक गोष्ट मला खटकली. 60 अन्न आणि 75 सोनं दिलं की घोडेस्वार तयार, आणि त्यानंतर तो परत कधी खातच नाही. शंभर घोडे नुसते उभे आहेत अर्धा तास आणि चाऱ्याची एक काडी खर्च नाही. याच्यासमोर शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र ठेव, राज्याभिषेकाच्या आसपासचं आहे. अख्खं पत्र गवताचं आणि दाण्याचं. पावसाळ्यासाठी साठा केलाय, आत्ताच वाटेल तसा उडवलात तर भर पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरणार, कुणी दाणे आणणार, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी, आणि रयत म्हणणार यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि मग ते उंदराचं, रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सगळं जाईल. राजा माणूस, डोक्यावर केवढ्या लढाया, आणि उंदीर वात नेईल याची काळजी! मला तलवारीच्या गोष्टींपेक्षा हे पत्र मोठं वाटतं. कुणब्याला इथं 50 अन्नाची किंमत नाहीये, त्याला मत आहे, तो रागावू शकतो, आणि तो रागावला तर राज्य जातं हे लिहिणाऱ्याला पक्कं माहितीये.

आज्ञापत्रात पण तसंच, राज्य कसं चालवावं ते सांगणारा ग्रंथ, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे तो. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे वाक्य तू शाळेत भाषणात म्हणलेलं. पण त्यातच आरमारासाठी लाकूड तोडायचं सांगताना म्हणलंय की आंबा फणस यांना हात लावू नका, रयतेनं ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात, तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहणार नाही. तुझ्या गेममध्ये झाड म्हणजे नुसतं लाकूड, ते कुणाच्या दारातलं हा प्रश्नच नाही.

सगळंच गोड होतं असं नाही हां. आपला भुईकोट किल्ला घे, जिथं तू सायकल शिकताना गुडघा फोडून घेतलास. फरिश्ता म्हणून इतिहासकार होता, आधी अहमदनगरच्या दरबारात आणि मग विजापूरच्या, म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लेला. तो लिहितो की विजापूरची मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा आंदणात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं आणि दिलाच नाही, त्यावरनं लढाया झाल्या. मग तालिकोटच्या लढाईच्या, म्हणजे 1565 च्या थोडं आधी उलटं झालं, अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हाच किल्ला तिच्यासोबत आंदण गेला. मुलगी आणि किल्ला एकाच यादीत. गावातल्या लोकांना तर कुणी विचारायचा प्रश्नच नाही, सकाळी उठले तर मालक बदललेला. आणि गंमत बघ, यादीतली हीच मुलगी तीस वर्षांनी 1595-96 ला मोगलांसमोर अहमदनगरचा किल्ला लढवते आणि सगळ्यांना नाव नीट लिहावं लागतं.

यावरनं बुद्धिबळ आठवलं. आपला वजीर पूर्वी तिरका एकच घर चालायचा, पटावरचा जवळपास सगळ्यात लंगडा मोहरा. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी ती एकदम पटभर पळायला लागली. आपण ज्याला उंट म्हणतो तिथं मुळात हत्ती होता, इंग्रजांनी तिथं पाद्री बसवला, फ्रेंचांनी विदूषक, रशियात अजून हत्तीच आहे पण आपल्या हत्तीच्या जागी त्यांची होडी. घरं 64 च, पण ज्याच्या दरबारात जो शेजारी बसायचा तो त्यानं पटावर बसवला. राजा मात्र कुठंच मरत नाही, कोंडला की डाव संपला. प्यादी मरतात, ती डब्यात टाकायची, मोजत पण नाही कुणी.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. संक्रांत म्हणली की मला पानिपत आठवतं, 14 जानेवारी 1761, आता संक्रांत बहुतेक त्याच तारखेला येते. त्यानंतर सावकाराचा निरोप पेशव्यांच्या हाती पडला, तुला पाठच असेल, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे चिल्लर, बाकी सगळे. लहानपणी हे वाचून अंगावर काटा यायचा आणि मला वाटायचं काय भारी लिहिलंय. आता वाचताना तो शेवटचा शब्द अडकतो. सावकारानं वाईट मनानं लिहिलेलं नाही, सांकेतिक होतं, आणि खात्यात माणसं अशीच बसतात, मोत्याला मोजून, मोहरेला मोजून, खुर्द्याला अंदाजानं. आपल्यातली गावंच्या गावं त्या खुर्द्यात गेली असतील.

आणि हे मी कुणाला शिकवतोय. परवा माळा आवरताना माझ्या हातची एक जुनी जमाखर्चाची वही सापडली. आमच्या कारखान्याचं सूत आसपासच्या गल्लीत बायकांकडं कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या नळ्यांवर गुंडाळायला जायचं, वजन करून द्यायचं, वजन करून घ्यायचं, तुझी आजी पण भरायची. वही चाळली. मालक आहे, सूत व्यापारी एकेक नावानिशी आहे, मागवाले नावानिशी, कुणाची उचल किती, कुणाची बाकी किती. आणि मग दर शनिवारी एकच ओळ, 'कांडी मजुरी, बाया', पुढं किलो आणि रुपये. एकाही बाईचं नाव नाही. माझ्या आईचं पण नाही. अक्षर माझंच आहे. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, पद्धतच तशी होती, माझ्या आधीच्या दिवाणजीनं पण तसंच लिहिलेलं.

तुझ्या आईला दाखवली तर ती म्हणाली, "त्यात काय, मी सांगते की." आणि बसून एकेक नाव सांगायला लागली, कोण कुठल्या खोलीत राहायची, कुणाचा नवरा मिलमधनं सुटला, कुणाचा मुलगा वारला, कोण तेलुगूत गाणी म्हणत भरायची. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी लिहून काढतोय. आत्तापर्यंत अकरा झाली. दोघींची नावं तिलाही आठवत नाहीत, एकीला सगळे शेळीवाली मावशीच म्हणायचे. उद्या जुन्या गल्लीत जाऊन विचारून येते म्हणाली.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी उद्याच्या गाडीनं पाठवतोय, ड्रायव्हरचा नंबर आई व्हॉट्सअ‍ॅप करेल. चटणी रूमवर सगळ्यांना दे, पण डबा परत आण, मागचे दोन अजून तिकडंच आहेत. आणि उन्हाळ्यात आलीस की मला तो गेम शिकव, ती घंटा वाजवून सगळ्या गावकऱ्यांना आत घेतात ते नेमकं कुठलं बटण, तुझ्या वेळी मला कळलंच नाही.

तुझे,
बाबा