चौदाव्या स्लॅबच्या मागणीपत्राविषयी तक्रार

वास्को द गामा, गोवा
17 नोव्हेंबर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक विभाग

विषय : बाराच स्लॅब पडलेले असताना चौदाव्या स्लॅबचा हप्ता मागितल्याबाबत

महोदय,

आपल्या वास्को येथील निवासी प्रकल्पात अकराव्या मजल्यावरची सदनिका मी आणि माझ्या मुलाने संयुक्तपणे घेतली असून, 92 लाख रुपयांचा विक्रीकरार रीतसर नोंदवलेला आहे. दिनांक 3 नोव्हेंबरच्या पत्राने आपण ‘चौदावा स्लॅब पूर्ण’ असे नमूद करून 5,52,000 रुपये आणि त्यावरील 5 टक्के वस्तू व सेवा कराचे 27,600 रुपये पंधरा दिवसांत भरावेत, अन्यथा व्याज आकारले जाईल, असे कळवले आहे. त्या दिवशी इमारतीचे बारा स्लॅब पडलेले होते. आज हे पत्र लिहीत असतानाही बाराच आहेत आणि तेराव्याचे सेंट्रिंग अजून बांधले जात आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मुरगाव बंदरात मी 31 वर्षे टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरणारा माल मोजून वहीत मांडणे हेच माझे काम होते. सध्या आम्ही मांगोर हिलवर भाड्याने राहतो आणि आमच्या गॅलरीसमोरच आपली इमारत उभी राहत आहे. पायाच्या खोदाईपासून प्रत्येक टप्प्याची तारीख मी लिहून ठेवली आहे. प्रत्येक मजल्याची कड खालच्या मजल्यापेक्षा हातभर वळवलेली असल्यामुळे ही इमारत वास्कोत उठून दिसते. संध्याकाळी फिरायला निघालेली माणसे वळणावर थांबून तिच्याकडे पाहतात, आणि क्रेनच्या टोकाचा लाल दिवा लागला की माझा नातू ‘आपले घर’ म्हणून बोट दाखवतो. मंगेशीच्या दीपस्तंभाकडे जसे खालून वर टप्प्याटप्प्याने पाहावे तसे मी या इमारतीकडे दीड वर्ष पाहत आलो आहे. एवढ्या आस्थेने पाहिलेल्या कामाबद्दल तक्रार लिहिताना मला क्लेश होत आहेत, हे आपण समजून घ्यावे.

दूरध्वनीवर विचारणा केली असता आपल्या प्रतिनिधीने पोडियमचे, म्हणजे इमारतीच्या तळाच्या रुंद चौथऱ्याचे, दोन स्लॅब धरून चौदा होतात, असा खुलासा केला. हा खुलासा मला मान्य नाही. करारातील हप्त्यांच्या परिशिष्टात ‘पोडियम पूर्ण’ हा टप्पा स्वतंत्र असून त्याची रक्कम मी गेल्या वर्षीच भरली आहे, आणि त्यापुढे ‘पोडियमवरील प्रत्येक स्लॅबला 3 टक्के’ असे स्पष्ट शब्द आहेत. एकदा पैसे घेतलेले दोन स्लॅब पुन्हा मोजणीत धरणे म्हणजे त्याच कामाचे दोनदा पैसे मागणे होय. शिवाय दर दोन स्लॅबना येणारी आपली मागणीपत्रे दहाव्या स्लॅबपर्यंत माझ्या वहीशी तंतोतंत जुळतात, म्हणजे तोपर्यंत आपणही पोडियम वगळूनच मोजत होता. बाराव्या स्लॅबचे पत्र आले तेव्हा मी चवथीसाठी सत्तरी तालुक्यातल्या गावी होतो. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही तिथूनच बँकेला संमती दिली. परत येऊन पाहिले तर अकराच स्लॅब होते. दोन-चार दिवसांचा फरक असेल असे समजून मी गप्प राहिलो, पण बारावा स्लॅब प्रत्यक्षात पडला तो 24 ऑक्टोबरला.

आमच्यासाठी हा फरक कागदापुरता राहत नाही. बँक रक्कम देते त्या दिवसापासून व्याज चालू होते. 8.75 टक्के दराने 5,52,000 रुपयांवर महिन्याला 4,025 रुपये होतात, आणि घरभाडे भरून ते माझ्या मुलाला पगारातून द्यावे लागतात. न पडलेल्या स्लॅबसाठी हा भार त्याने का सोसावा, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही.

दुसरी बाब मला पैशांपेक्षाही गंभीर वाटते. नवव्या स्लॅबपर्यंत इमारत आमच्या गॅलरीपेक्षा खाली होती, त्यामुळे स्लॅबचा पृष्ठभाग वरून स्वच्छ दिसत असे. पहिल्या सहा स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून केलेल्या चौकोनी आळ्यांत पाणी साठवलेले मी रोज सकाळी पाहिले आहे. उन्हात ते चौकोन चकाकत असत. एप्रिल-मे महिन्यांत पडलेल्या सातव्या, आठव्या आणि नवव्या स्लॅबवर मात्र असे बांध नव्हते. दुपारी एक कामगार पाइपने पाणी मारून जाई आणि तासाभरात स्लॅब पांढरा पडे. उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओले राहिले पाहिजे, असे भारतीय मानक 456 सांगते. पाणी कमी पडले की काँक्रीटच्या वरच्या थरात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि समुद्राकाठी त्यातूनच क्षार सळ्यांपर्यंत पोहोचतात. खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसे पापुद्रे धरते ते बंदरावर उभा जन्म काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटमधला ओलावा टिकवण्यासाठी, एखादे रसायन फवारले असल्यास तसे कळवावे. माझी शंका फिटली तर मला आनंदच होईल. दहाव्या स्लॅबपासून मला वरची बाजू दिसत नाही, म्हणून पुढच्या कामाबद्दल मी काही म्हणत नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 नुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि कामाच्या प्रमाणातच, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावर, ती काढता येते. टप्प्यानुसार कामाची माहिती मिळण्याचा हक्कही हाच कायदा मला देतो. तेव्हा चौदावा स्लॅब पूर्ण झाल्याचा दाखला कुणी दिला असेल तर त्याची प्रत मला द्यावी. दिला नसेल तर 3 नोव्हेंबरचे मागणीपत्र व त्यातील व्याजाचा इशारा मागे घेतल्याचे लेखी कळवावे. बाराव्या स्लॅबची रक्कम मुदतीपूर्वी घेतल्यामुळे आम्हाला पडलेले व्याज पुढील हप्त्यातून वजा करावे. सात ते नऊ या स्लॅबच्या 28 दिवसांच्या क्यूब चाचण्यांचे, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या मजबुतीच्या चाचण्यांचे, अहवाल दाखवावेत आणि आपल्या अभियंत्यांसोबत एकदा मला त्या तीन मजल्यांवर जाऊ द्यावे. जिने चढण्याची माझी तयारी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला गोव्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे कलम 31 खाली तक्रार करावी लागेल. स्लॅबच्या नोंदींच्या पानांच्या छायाप्रती आणि तारखेसह छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पोडियमवरचा चौदावा स्लॅब ज्या दिवशी पडेल, त्याच दिवशी हप्त्यासाठी बँकेला आमची संमती जाईल.

आपला,
अकराव्या मजल्यावरील सदनिकेचा खरेदीदार